जीवरामच्या दारची पोळी

५ ऑगस्ट, मंगळवार

आणि वर मलाच म्हणतो, "तू माले शिकाडू नको." संपलं बोलणं. फोन कट. निंबा माझा मोठा भाऊ, माझ्या आधी जन्मला, एवढीच त्याची डिग्री. मी काय चुकीचं बोललो? एवढंच म्हटलं की बगळ्याला बांधावरच्या ओल्या कोवळ्या चाऱ्यावर पहाटेच सोडू नको, ऊन पडू दे, मग सोड. तर म्हणे, "तुना बैल शे ना? मंग ये, नि चार तेले."

बैल माझाच आहे. त्यात वादच नाही. तो झाला तेव्हा त्याच्या आईला दूध उतरेना, तर बाटली धरून त्याला कोणी वाढवला? मी. शाळा कोणापायी सुटली? त्याच्यापायी. निंबाला हे मान्य नाही. तो म्हणतो, शाळा तू आधीच सोडली होती, वासरू नंतर झालं. असल्या बारीकसारीक गोष्टी त्याच्या बरोब्बर लक्षात राहतात.

मी इथं भुसावळच्या अलीकडे तोताराम शेठच्या गोठ्यावर, घर तिकडं साक्रीच्या वर, डोंगराच्या अंगाला. मधे अख्खा खान्देश आडवा पडलेला आहे ते बरं आहे. कमी पडतो उलट.

ही डायरी पेंडवाल्यानं शेठला दिली होती, शेठनं मला दिली. म्हणाला, गायींचं लिहीत जा. गायींचं शकीलच्या डोक्यात असतं. मी माझं लिहितो. इथं शिवी द्यायची तरी कोणाला द्यायची? गायी ऐकून घेतात आणि शेपटी मारतात.

६ ऑगस्ट, बुधवार

काल राग होता म्हणून अर्धंच लिहिलं. सगळं लिहून टाकतो, म्हणजे चूक कोणाची ते कागदावर राहील.

मागच्या पोळ्याला बगळ्याला मी सजवला. शिंगं रंगवली, झूल घातली, घरोघर फिरवला. जीवरामच्या दारात गेलो. जीवराम म्हणजे गावातला पिकअपवाला. सगळ्यांचा भाजीपाला साक्रीच्या बाजाराला तोच नेतो, म्हणून स्वतःला गावाचं इंजिन समजतो. त्याच्या बायकोनं, प्रमिलाबाईनं, ताट आणलं. आणि हा ओट्यावर बसून चारचौघांत विचारतो, "ह्या दोन्हीसमा शहाना कोन शे रे? बैल का पोऱ्या?" लोक हसले. मी ताटातली पोळी उचलली आणि गटारीत फेकली. म्हटलं, "हाई घ्या तुमनी पोळी."

निंबानं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. मला! जीवरामला नाही, मला. दसऱ्याला मी घर सोडलं. तेव्हाच ठरवलं की त्या घराला एक रुपया पाठवणार नाही. नाही पाठवला.

तेव्हापासून जीवरामची पिकअप आमच्या वावराशी थांबत नाही. निंबा टमाट्याची क्रेटं मोटरसायकलला बांधून साक्रीला नेतो. नेऊ दे. पिकअपवाचून काय अडलंय? मायही आता देवळात जात नाही. गुडघे दुखतात म्हणे. मागच्या वर्षी तर दुखत नव्हते.

१० ऑगस्ट, रविवार

आज गोठ्यात तमाशा झाला.

अकरा नंबरची गाय सकाळी दाव्याला हिसके द्यायला लागली. बसायची, उठायची, परत बसायची. मागच्या पायानं पोटाला लाथा मारत होती. शकील आला. हा भुसावळचाच, खडका रोडकडचा, इथं माझ्याआधीपासून आहे म्हणून दादागिरी करतो. त्यानं गायीच्या डाव्या अंगाला, शेवटच्या बरगडीच्या मागं जी खळगी असते ना, भकाळी, तिथं बोटानं टिचकी मारली. ढोल वाजला. खळगी राहिलीच नव्हती, उलट टेंगूळ वर आलं होतं. म्हणाला, "गॅस भर गया. लसूणघास किसने डाला?"

घास मीच टाकला. टाकायचाच असतो, त्याचाच पगार घेतो. हां, आज जरा लवकर टाकला, कारण मला उरकून भुसावळ स्टेशनला जायचं होतं. सुरतेला एकाच्या गाडीवर ड्रायव्हर पाहिजे होता, तो माणूस भेटणार होता. घासावर दव होतं. पण दव काय मी पाडलं?

जनावरांच्या डॉक्टर पुनम मॅडम येईपर्यंत म्हटलं आपणच काही करू. गायीचं तोंड वर ओढलं, जीभ बाहेर काढून धरली आणि गोड्या तेलाची बाटली घशात ओतायला लागलो. आमच्याकडं असंच पाजतात. तेवढ्यात मॅडम स्कूटरवरून उतरल्या, आणि स्टँड लावायच्या आधी ओरडल्या, "सोड ती जीभ! गाय बुडवतोस का?"

म्हणे, जीभ ओढली की जनावराला गिळता येत नाही, तेल सरळ फुप्फुसात जातं. पोटफुगीतून वाचलेलं जनावर मग न्यूमोनियानं जातं. डोकं आडवं, जमिनीला समांतर ठेवायचं, ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडायचं, खोकलं की थांबायचं. गायीचे पुढचे पाय उंचवट्यावर घ्यायला लावले. कडुलिंबाची जाड काडी तिच्या तोंडात आडवी घालून शिंगांना बांधली, म्हणजे ती चघळत राहते, लाळ सुटते, वारा वर यायला वाट मिळते. मग रबरी नळी हळूहळू पोटात घातली. जो वास सुटला तो लिहिता येणार नाही. गाय मात्र अशी बघायला लागली जणू तिनं काहीच केलं नाही.

मॅडमनं मला जवळ बोलावून भकाळी दाबायला लावली. ढोलासारखी वाजली तर वारा. कणकेत रुतावं तसं बोट रुतून राहिलं तर आत खाणं दडपलंय. नळीतून वारा न येता फेस आला तर ओल्या घासाचा फेस, त्याला तेल पाहिजे. मी म्हटलं, समजलं. त्या म्हणाल्या, "समजलं असेल तर घास सुकवून टाक. आणि लवकर जायचं असेल तर शेठला सांगून जा."

कोणी सांगितलं यांना? शकीलनंच. सुरतेवाला माणूस निघून गेला. सगळ्यांनी मिळून माझी नोकरी घालवली.

१३ ऑगस्ट, बुधवार

घरी फोन केला. मुद्दाम केला. नवीन शिकलोय ते सांगावं म्हटलं, बैल त्यांच्या ताब्यात आहे. सारिका वहिनीनं ऐकून घेतलं. ती ऐकते. मग निंबानं फोन ओढला.

मी म्हटलं, "पोळा ऊना शे. घरोघर पोळ्या चारू नको. गूळ, डाळ, गहू, बठ्ठं एका दिवसात पोटात गेलं तर बैल फुगस. एक घरनी पोळी, बस."

"कोना दारवर नही म्हनू?" निंबा म्हणाला. "सांग ना. कोना घरनं नाव सांगू?"

"बठ्ठास्ना."

"तू जे करी गया ना मांगला साल, ते आम्ही निस्तरी राहिनूत. ह्या साल बगळ्या बठ्ठा घर जाई. एक दार सोडाव नही मी."

बघा. बैलाची मिरवणूक पाहिजे याला. गावात नाक वर करून फिरायचंय. मागून मायचा आवाज आला, "नको रे बोलू तेले, तो गाव जोडी राहिना." गाव काय तुटलं होतं? जिथल्या तिथं तर आहे, मी सोडलं तेव्हापासून इंचभर हललं नसेल.

मी म्हटलं, बैल मेला तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. तो म्हणाला, "ते तरी ये."

फोन मी कट केला. या वेळी मी.

१७ ऑगस्ट, रविवार

दिवसभर चिकचिक. केळीच्या बागांतून वारा येत नाही. औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात, ती तरी कुठं जातात? मी तरी कुठं जातो?

शकील जेवताना म्हणाला, "तू बोलतो गावाला लाथ मारून आलो. मग रोज गावाचाच विषय का काढतो?" मी म्हटलं, माझा विषय बैल आहे, गाव नाही. तो म्हणाला, "बैल काय आभाळात बांधलाय?" त्याच्या डब्यातली भाजी मी घेतली नाही.

नंतर घेतली. भूक होती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

शेठनं परवाच विचारलं होतं, "सुट्टी पायजे का तुले?" मी म्हटलं नको. एवढ्या कौतुकानं कोण जाणार? इथं बैल नाहीत, सगळ्या गायी, तरी शेठच्या घरून गायींना एक एक पोळी आली. एकच. मी बघून घेतलं.

संध्याकाळी वहिनीचे व्हिडिओ आले. बगळ्या झकास दिसतोय हे खरं आहे. शिंगांना निळा रंग. निळा! मी असतो तर लाल दिला असता. बाकी धुतलाय स्वच्छ, नावासारखा पांढराफेक.

दारात बैल आला की घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, पोळी देते. नाही म्हणायची रीत नाही. बैलाला म्हणता येत नाही आणि मालकानं म्हणायचं नसतं. एकेका व्हिडिओत तेच. प्रत्येक दारी निंबा हात जोडतो, बगळ्या खातो. कोणी अर्धी पोळी देईल तर शप्पथ, सगळ्यांचा हात सैल.

शेवटचा व्हिडिओ जीवरामच्या दारचा. गेलाच तिथं. टोपी काढून हातात धरलीय. एवढी काय लाचारी? प्रमिलाबाई ताट घेऊन आली, आधी उंबऱ्यातच थांबली. मग मायनं काहीतरी म्हटलं. माय पण होती तिथं! गुडघे दुखतात म्हणत होती ना? प्रमिलाबाई पायरी उतरली आणि रडायलाच लागली. बायांना काही कारण लागत नाही. मग प्रमिलाबाईनं भरवली, मग मायनं भरवली, मग परत प्रमिलाबाईनं. खापरावरचे मांडे, केवढे मोठाले, रुमालासारखे घडी घालून.

मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. एका जागी बगळ्यानं तोंड फिरवलं. बैल तोंड फिरवतो म्हणजे बैल बस म्हणतो. आणि निंबानं तळहातानं त्याचा जबडा परत ताटाकडं वळवला. मी इथून ओरडलो. शकील धार सोडून धावत आला.

जीवराम ओट्यावरून उतरला, बगळ्याच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला. माझ्या बैलाला हात लावतो.

२३ ऑगस्ट, शनिवार. सकाळ

लिहायला वेळ नाही पण लिहितो, नाहीतर कोणाला तरी मारीन.

धारेच्या वेळी वहिनीचा फोन. बगळ्या उठत नाही. रवंथ नाही. दात खातोय, कण्हतोय. मी म्हटलं व्हिडिओ कॉल कर. केला. पाहिलं. डावं अंग वर आलंय, पाठीच्या बरोबरीला. मान लांब केलीय. मी म्हटलं, वहिनी, भकाळी दाब. तिनं दाबली. "खाले कनीकसारखं लागस, वर ढोलसारखं." म्हणजे दोन्ही. खाली पोळ्यांचा गोळा आणि वर वारा.

तेवढ्यात निंबा आला तेलाची बाटली घेऊन. तोंड वर ओढलं, जीभ धरली आणि ओतायला लागला. थेट तेच. मी ओरडलो, "जीभ सोड! निंबा, जीभ सोड, फुप्फुसात जास तेल!"

"तू फोनमाईन बैल हाकी राहिना का?"

"सोड म्हनस ना! डोकं आडवं ठेव!"

बगळ्या खोकला. मी ऐकलं ते. निंबानं ऐकलं की नाही माहीत नाही. म्हणाला, "मी इतला वरीस जनावर सांभाळात, तू काल गोठामा शेन भरीसनी डाक्टर व्हयना?" मी म्हटलं, काल पोळ्या कोणी कोंबल्या त्याच्या तोंडात? मी पाहिलंय, तोंड फिरवलं होतं त्यानं. त्यानं फोन कट केला.

पुनम मॅडमना फोन लावला. मला वाटलं रागावतील. त्यांनी सगळं विचारलं, शेण कसं आहे, आंबूस वास येतो का, पाणी पितो का. म्हणाल्या, पोटात आंबलंय सगळं. किती सोडा, किती पाण्यात, ते सांगितलं. छातीवर बसता ठेवा, आडवा पडू देऊ नका. उठला तर पुढचे पाय उंचावर, तोंडात काडी. पण हे नुसतं तोवरचं. "आज नळी पडली पाहिजे प्रेमराज. सलाइन लागेल. संध्याकाळची वाट बघू नका."

सगळं वहिनीला मेसेज केलं. मेसेजवर दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही.

दुपार

साक्रीचे सरकारी डॉक्टर दूरच्या एका पाड्यावर गायीच्या बाळंतपणात अडकलेत. म्हणाले, मी दवाखान्यात पोचतोच, बैल तिथं आणून ठेवा, वेळ वाचेल. आणायचा कशात? गावात पिकअप एकच.

वहिनीचा फोन. रडकुंडीला आलेली. निंबा गेला होता जीवरामकडं. जीवराम म्हणाला, "पोळी फेकनाराले फोन करू दे." आणि आत निघून गेला. निंबा म्हणाला, जाऊ दे, तो नही करनार, मी ट्रॅक्टर पाहस. आणि ट्रॅक्टर शोधत दुसऱ्या गावाला गेला. "तुमले सांगू नको म्हनेत ते," वहिनी म्हणाली. "मीच सांगी राहिनू."

म्हणजे माझ्या भावाला खात्री आहे की मी बैलासाठीसुद्धा फोन करणार नाही.

बरोबरच आहे त्याचं. मी का करू? हसला कोण? सुरुवात कोणी केली? त्याला एवढं गाव आहे हसायला.

फोन हातात घेऊन चाऱ्याच्या ढिगावर बसलो. शकील माझ्या वाटणीच्या गायीसुद्धा पिळून आला होता. बादली आपटून म्हणाला, "सब को बोलता फिरता है, मेरा बैल मेरा बैल. तेरा है ना? तो मांग."

"तू तुझं काम कर."

"तेरा भी मैं ही कर रहा हूँ."

लावला फोन.

"कोन?"

"प्रेमराज."

"कोन प्रेमराज?"

मुद्दाम. मी म्हटलं, "निंबाना भाऊ."

"तो का? तो ते शेठ व्हई गया म्हने भुसावळले. काय म्हनस शेठ?"

"बैल फुगेल शे. साक्रीले न्यावा लागी."

"हाई सांगनं व्हयनं. मांगस असं का?"

मला घाम फुटला होता. शकील समोरच उभा, जात नव्हता. मी म्हटलं, "बापू, तुमनी पोळी तेना पोटमा शे. ह्या साल तेनी फेकी नही, खाई लिन्ही. आते तीच काढनी शे. गाडी काढा."

मला वाटलं संपलं, बैल गेला. मग जीवराम म्हणाला, "ऐक. हाई काय वाजी राहिनं?"

घरघर, खडखड. मला कळेना.

"गाडीच शे. घाटमा शे मी. बैल मांगे शे, निंबाले बी वाटमा उचली लिन्हा, तो तेना कान धरी बठेल शे. माले फक्त पाहनं व्हतं, तुले तोंड शे का नुसता हात शे." आणि फोन ठेवला.

म्हणजे तो निघालाच होता! बैल गाडीत होता आणि मला इथं घाम काढायला लावला. असला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. शकील हसत सुटला. मी त्याला शेणाची पाटी फेकून मारली. लागली नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

काल संध्याकाळपर्यंत फोन नाही. मी तरी का करू?

तीनदा केला. उचलला नाही.

आज सकाळी वहिनीनं फोटो पाठवले. पहिला कालचाच आहे, निंबा ट्रॅक्टर शोधायला जायच्या आधीचा. बगळ्या कसाबसा उभा, पुढचे पाय आमच्या ओट्यावर, तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधलेली. निंबानं त्याचं डोकं खांद्यावर आडवं पेललंय, वर ओढलेलं नाही. म्हणजे मेसेज वाचला होता. वाचला तर वाचला म्हणायला काय झालं होतं? आणि काडीची गाठ चुकीच्या बाजूला आहे.

साक्रीत नळी घातली. डॉक्टरांनी सगळ्यांना झापलं, जीवरामला पण. म्हणाले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी माझ्याकडं रांग लागते, तुम्ही बैल पूजता की मारता? हे मला फार आवडलं. थोडं तेल फुप्फुसात गेलंय, खोकतोय, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. मी म्हटलं होतं.

मग दुपारी निंबाचा फोन आला. दहा महिन्यांत त्यानं स्वतः लावलेला पहिला. मी तयारीत होतो. जीभ, तेल, पोळ्या, जबडा वळवणं, सगळं क्रमानं काढणार होतो.

तो म्हणाला, "उठना."

मी म्हटलं, "हां."

तो म्हणाला, "वैरन खादी थोडीशी." मग म्हणाला, "तो तोंड फिरावना व्हता. माले समजनं व्हतं." आणि फोन कट.

आता माझ्याकडं सगळा मुद्दा तयार होता आणि बोलायला समोर कोणी नाही. असाच आहे तो. भांडणसुद्धा पूर्ण करू देत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बगळ्याचे खूर दुखतात. पोटात आंबलं की ते खुरांत उतरतं, पुनम मॅडमनं सांगितलं. दिवाळीपर्यंत जुवाखाली जाणार नाही. कोरडी वैरण, आराम. दुसरा बैल लाख्या एकटा काय करणार, कपाशीची कोळपणी राहिलीय. तर जीवरामनं त्याचा बैल दिलाय लाख्याच्या जोडीला. आणि पिकअप परत आमच्या वावराशी थांबायला लागलीय. माय देवळात गेली. गुडघे बरे झाले म्हणे. एवढ्यात? कुठलं औषध घेतलं, ते काही सांगत नाही.

मी निंबाला विचारलं, पिकअपचं डिझेल दिलं का त्याला? म्हणे, घेत नही तो. मी म्हटलं, घेत नाही म्हणजे? मग आयुष्यभर दर पोळ्याला त्याच्या ओट्याकडं मान खाली घालून जायचं का? निंबा म्हणाला, "तुले कोठे जानं शे पोळाले? तू ते येत नही."

याचं उत्तर रात्री सुचलं, पण तेव्हा फोन कसा करणार?

३० ऑगस्ट, शनिवार

सुरतेवाल्या माणसाचा निरोप आला, एक जागा परत आहे. ये म्हणाला. मी म्हटलं, बघतो. शकीलला सांगितलं तर म्हणाला, "जा ना, कौन रोकता है." मग थोड्या वेळानं म्हणाला, "सुरतेहून साक्रीला रस्ता जवळ पडतो काय रे?" मी म्हटलं, हो, नवापूरवरून. तो म्हणाला, "अच्छा." यात अच्छा म्हणण्यासारखं काय होतं?

जीवरामचा नंबर होताच. त्या नंबरावर डिझेलचे आठशे पाठवले. फोनवरूनच, कोणाच्या हातापाया पडायचं काम नाही. झालं. कोणाचं काही ठेवायचं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

पैसे परत आले. परत आले म्हणजे त्यानं परत पाठवले. आणि आठशे नाहीत. आठशे एक.

वर एक रुपया! जसा मी त्याच्या पोरीच्या लग्नात आहेर घ्यायला बसलोय. वहिनीला फोन करून विचारलं, हा काय प्रकार? ती हसत सुटली. मागून निंबाचा आवाज, "तेले म्हना, मोजी ले, बापू एखादा रुपया कमी बी देस." आणि तो पण हसला. निंबा हसला. त्याला हसताना शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवत नाही.

हसा. सगळे मिळून हसा. मला हसायला गावाला हल्ली पोळ्याचीसुद्धा गरज राहिलेली नाही.

पण हे असं सोडणार नाही. शेठकडून आज पगार झाला. शकीलला समोर बसवून, त्याच्या देखत परत पाठवतोय. पैशाखाली मजकूर लिहायला जागा असते, तिथं लिहिलं: बापू, पुढच्या पोळ्याला बैल मी आणणार. एकच पोळी द्यायची. अर्धी चालेल. आणि ओट्यावरून काही बोलायचं असेल तर आत्ताच ठरवून ठेवा, मीपण ठरवून येतो.

पाठवले. आठशे दोन.